पाटाचं माप

वना सुतार पिंपळनेर सोडून अमळनेरला आला, तेव्हा पाठीवर हत्यारांची पिशवी होती आणि पिशवीला एक जुना पाट बांधलेला होता. वाकस, रंधा, करवत, पटाशा ही हत्यारं पोटासाठी. पाट मात्र कशासाठीच नव्हता. लग्न झाल्यावर त्याने बायकोसाठी केलेली ती पहिली वस्तू. भिकुबाई त्याच्यावर बसून भाकरी थापायची. तापाच्या साथीत ती गेली. घर विकलं, पण पाट विकवेना.

निघताना थोरल्या बहिणीने, पुष्पाबाईने, एक लहान लाकडी डबी त्याच्या हातात दिली होती. आत भिकुबाईच्या नावाचा चांदीचा टाक होता, तिची प्रतिमा ठोकलेला, नखाएवढा.

"जवय दुसरी करशी, तवय हाऊ टाक तिना गळामा घालजो," ती म्हणाली. "नही ते पहिली तिले सुखे नांदू देत नही."

"माले दुसरी करनी नही, अक्का."

"बठ्ठाच असं म्हनतस."

वनाने डबी सुतळीने बांधली आणि कमरेच्या फडक्यात ठेवली. दुसरी करायची नाही, हे त्याने भिकुबाईला शेवटच्या रात्री सांगितलं होतं. तिला ऐकू गेलं की नाही, ते त्याला कळलं नाही. पण शब्द दिला तो दिला.

अमळनेरात काम होतं, पण ते ओळखीच्यांना. कापसाच्या जिनात गेला तर मुकादम म्हणाला, सरकी-कापूस वाढला की ये. पेठेतल्या दुकानदारांचे सुतार ठरलेले. शेवटी धर्मशाळेत एका गाडीवानाने सांगितलं, "बोरीकाठी मोरगव्हाणला जा. तठे सुतार नही. बैलगाड्या मोडेल पडेल शेत."

मोरगव्हाणचे गिरधर पाटील ओट्यावर बसून विडी ओढत होते. वनाचे हात त्यांनी आधी पाहिले, मग तोंड.

"एकटाच?"

"एकटाच, आबा. बायको गेली मागल्या सालच्या तापात."

"मंग भाकरी कोन करस? वाकसघाई थापस का?" पाटील हसले. वनालाही हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

गावचा सुतार झुलाल हाही तापातच गेला होता. त्याचं घर रिकामं होतं. पाटलांनी ते उघडून दिलं. सुगीला दर शेतामागे धान्याची पेंढी मिळेल, जळण मिळेल, गावाचं सगळं काम तुझंच, असं ठरलं. घर लहान पण चांगलं होतं. पुढे पडवी, मागे चूल, वर माळा. वनाने भिकुबाईचा पाट चुलीपुढे मांडला. आपलं घर पुन्हा झालं, असं त्याला वाटलं.

कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी गाव रानात जाई आणि दुपारी गल्ल्या ओस पडत. एखादी कोंबडी, एखादं खाटेवर टाकलेलं म्हातारं, बाकी आवाज वनाच्या वाकसाचाच.

अशाच एका दुपारी तो पडवीत गाडीचं जू तासत होता. समोर एक म्हातारी उभी होती. कधी आली, ते त्याला कळलं नाही. कपाळ मोकळं, अंगावर घोंगडी, उजव्या हाताच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली.

"नवा सुतार तूच का?"

"हो, माय."

"एकटा शे म्हने."

"शे."

म्हातारीने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. गिऱ्हाईक लाकडाकडे पाहतं तसं.

"मनी पोरना पाट करना शे. करशी का भाऊ?"

"करसू ना. कसाले नही करसू?"

"बोल दे."

"दिना बोल, माय. कितला मोठा जोयजे?"

"तुना मापना कर."

वना हसला. "मना मापना? तुनी पोर मना इतली जाडी शे का?"

म्हातारी हसली नाही. "पोरनं माप तिनं शे," ती म्हणाली. मग घोंगडीतून सुपारी काढून तिने पुढे केली. सुपारीला हळद लागलेली होती. पिंपळनेरकडे मोठं काम सांगताना सुताराला सुपारी द्यायची रीत होती. वनाने ती घेतली, पटाशीच्या मुठीने फोडली आणि तोंडात टाकली. तो ती चावून संपवेपर्यंत म्हातारी तिथेच उभी राहून पाहत होती.

"लाकूड घरना माळावर शे," एवढं बोलून ती गेली.

ही बाई आपल्या माळ्यावरचं लाकूड कसं जाणते, हा प्रश्न त्याला नंतर पडला. माळ्यावर खरंच सागाची एक फळी होती, वाळलेली, सरळ, कुठे गाठ नाही. झुलालकडे ठेवायला दिली असेल, असं त्याने मनाशी धरलं.

पाटाचं माप वना बापाच्या रीतीने घ्यायचा. जमिनीवर मांडी घालायची आणि दोन्ही गुडघ्यांच्या बाहेर कोळशाने रेघ ओढायची. चुलीजवळच्या मोकळ्या जागेत तो बसला, रेघा ओढल्या, त्यावरून फळी कापली. संध्याकाळपर्यंत कापणी झाली.

सकाळी उठला तर भिकुबाईचा पाट चुलीपुढे नव्हता. तो भिंतीला उभा टेकवलेला होता. आपणच रात्री हलवला असेल, म्हणून त्याने तो परत मांडला. मग जमिनीवर नजर गेली. त्याच्या कोळशाच्या रेघांशेजारी आणखी दोन रेघा होत्या. त्यांच्यातलं अंतर कमी होतं. बाईचं माप.

वना बराच वेळ त्या रेघांकडे पाहत राहिला. त्याने स्वतःचे हात पाहिले. बोटांना काळं होतं, पण ते कालचंही असेल.

दुपारी तो पाटलांच्या गोठ्याचं दार बसवायला गेला. परत आला तर घर सारवलेलं होतं, अजून ओलं. शेणाचा वास दरवळत होता. कोळशाच्या चारही रेघा मात्र तशाच होत्या. सारवणारीने त्यांच्या कडेकडेने हात फिरवला होता. भिकुबाईचा पाट उंबऱ्यावर होता.

पाटलीणबाईंनी कुणाला पाठवलं असेल, असं त्याने ठरवलं. सारवायला पाट हलवावाच लागतो. त्याने तो आत आणला.

पुढच्या सकाळी पाट अंगणात होता. पालथा. दंवाने भिजलेला.

वनाने तो धोतराच्या सोग्याने पुसला. "भिकु," तो हळू आवाजात म्हणाला, "हाई तूच करी राहिनी का?" पण भिकुबाईने आपला पाट असा पालथा कधीच टाकला नसता. पालथा पाट तिला खपत नसे.

त्याला ते घर सोडायचं नव्हतं. काम मिळालं होतं. लोक त्याला नावाने हाक मारू लागले होते. एवढा एक पाट संपवून म्हातारीच्या हवाली करावा, की झालं, असं त्याने ठरवलं. त्या दिवशी त्याने जेवणही केलं नाही. रंधा मारला, खुर बसवले, कडा गोल केल्या. पाट सुरेख झाला. दुसऱ्या दिवशी तो काखेत मारून पाटलांकडे गेला. त्या म्हातारीचं घर त्याला ठाऊक नव्हतं.

ओट्यावर पाटील होते. पाटलीणबाई सुपात तूर पाखडत होत्या.

"आबा, एक म्हातारी शे. उजवा अंगठाले चिंधी बांधेल. तिनं घर कोठे शे?"

पाटलांची विडी ओठातच राहिली.

"कसाले?"

"तिनी पोरना पाट करेल शे. देवाले जास."

पाटलीणबाईंनी सूप खाली ठेवलं. डोईवरचा पदर डोळ्यांपर्यंत ओढला आणि वनाकडे न पाहता त्या आत गेल्या. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

"तिनी काय सांगं तुले?" पाटलांनी विचारलं. "जसं सांगं तसं सांग."

वनाने सांगितलं.

"तुमनाकडे रांडमुंड बाईनं दुसरं लगीन लावतस, त्याले काय म्हनतस?"

"मोहतूर."

"आमी पाट म्हनतस."

वनाला काखेतला पाट एकदम जड वाटला. तो त्याने खाली ठेवला.

पाटील हळूहळू बोलले. ती म्हातारी ताईबाई. झुलालची सासू. त्याच्या वाकसानेच कधीतरी तिचा अंगठा गेला होता. झुलाल मेल्यावर पोरगी तरणीताठी घरात बसली. ताईबाई गावोगाव फिरली. एखादा एकटा सुतार मिळाला तर पोरीचा पाट लागेल, घर राहील, गावाचं काम राहील. कुणी मिळाला नाही. मग चैत्रात दोघींना ताप आला. आधी पोरगी गेली. म्हातारीला कुणी सांगितलं नाही.

"दोन रोज ती इचारत व्हती," पाटील म्हणाले. "सुतार भेटना का, सुतार भेटना का. मंग तीबी गई."

पाटलांनी तो पाट पायाने दूर सारला.

"सुपारी परत दी टाक."

"खाई टाकी, आबा."

"तिना समोर?"

"तिना समोर."

"आनि तू काय म्हना?"

"करसू म्हना." वना ओट्याच्या कडेला टेकला. "बोल दिना."

पाटलांनी विझलेली विडी पुन्हा पेटवली. गावाच्या मोडलेल्या गाड्या, नांगर, दारं, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर असावं. ते वनाची नजर चुकवून म्हणाले, "मंग ऱ्हाय ना. गावले सुतार जोयजेच."

वनाने नवा पाट तिथेच ओट्यावर सोडला. तो घरी गेला, हत्यारं पिशवीत भरली आणि भिकुबाईचा पाट शोधला. तो उकिरड्यावर होता. त्याने तो उचलला, पाठीला बांधला आणि भर दुपारी गाव सोडलं. बोरीची वाळू ओलांडताना त्याने मागे पाहिलं नाही. कापसाच्या शेतातल्या बायकांनी काम थांबवून त्याला जाताना पाहिलं. एकीनेही हाक मारली नाही.

अंधार पडायच्या आत तो अमळनेरात पोचला. धर्मशाळेत माणसांची गर्दी होती. त्या गर्दीने त्याला बरं वाटलं. भिकुबाईचा पाट उशाला घेऊन तो झोपला, आणि गाढ झोपला.

सकाळी जिनाच्या मुकादमाने काम दिलं.

"एकटाच ना?" मुकादमाने विचारलं.

"एकटाच."

जिनाच्या दारात हत्यारं मांडताना त्याचा हात कमरेच्या फडक्याला लागला. डबी होती. सुतळीची गाठ त्याने मारली होती तशीच होती. त्याने ती दातांनी सोडली. भिकुबाईला एकदा पाहावं, मग कामाला लागावं.

टाक आत होता. पण तो मोकळा नव्हता. तो काळ्या दोऱ्यात ओवलेला होता, आणि दोरा गळ्याच्या मापाचा होता.

पौषातली सकाळ. रंध्याचं लोखंड इतकं गार की बोट टेकववत नव्हतं. टाक मात्र उबदार होता, आणि दोरा घामाने ओला, आत्ताच कुणाच्या गळ्यातून काढल्यासारखा.