अकरा बेचाळीसच्या सर्वांत जवळची नोंद

मोहबोडीच्या कोळसा खाणीत क्षणखिडकी सुरू होऊन दीड वर्ष झाले होते आणि लोकांना तिची सवय लागली होती. सोमवार आणि गुरुवार, सकाळी दहा ते एक. कार्यालयाच्या व्हरांड्यात एक बाक, आत एक टेबल, एक पडदा आणि पडद्यामागे मृणाल देवतळे. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाच्या टोपीत आता एक चकती बसवलेली असे, आणि नाडी घेण्यासाठी तिचा पट्टा कपाळाला बांधलेला असे. माणूस कुठे आहे, त्याची नाडी किती, तो हलतोय का, भोवतालची हवा कशी आहे, आवाज कसले येतात, हे ती चकती टिपायची आणि बोगद्यांच्या कडेने पुरलेल्या श्रवणतारेतून वर पाठवायची. नव्या कायद्याने या नोंदींवर घरच्यांचाही हक्क आला होता. मात्र सगळ्या नोंदी एकदम मागता येत नसत. माणसाचे नाव सांगायचे, एक वेळ सांगायची. त्या वेळेच्या सर्वांत जवळची एक नोंद मिळायची.

त्या सोमवारी पहिलीच बाई आली ती रागातच. शुक्रवारी दुपारी चार वाजता आपला नवरा खरोखर पाळीवर होता का, एवढे तिला हवे होते. मृणालने वेळ टाकली. तीन अठ्ठावन्न, दुसरा बोगदा, बसलेला, नाडी एकसष्ट.

"म्हणजे झोपला होता," बाई म्हणाली आणि समाधानाने निघून गेली.

नेमक्या त्याच सेकंदाची नोंद बहुधा नसतेच. म्हणून यंत्र दिलेल्या वेळेच्या मागची पहिली नोंद शोधायचे, पुढची पहिली शोधायचे, दोन्ही अंतरे मोजायचे आणि ज्या नोंदीचे अंतर कमी ती उत्तर म्हणून द्यायचे. कोट्यवधी नोंदींच्या भांडारातून हे उत्तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच यायचे. यंत्राला हा प्रश्न कसा विचारायचा, ते मृणालने बसवले होते. राज्यातल्या इतर खाणींनी तो जसाच्या तसा उचलला, याचा तिला अभिमान होता.

बाई गेली आणि सुखदेव नगराळे आत आले. त्यांना पाहून मृणाल उभी राहिली.

दोन महिन्यांपूर्वी, एका मंगळवारी, अकरा बेचाळीसला चौथ्या बोगद्याचे छत कोसळले होते. आत पाच जण होते. चौघांचे देह त्याच दुपारी मिळाले. पाचवा सुमेध, सुखदेव काकाजींचा एकुलता एक मुलगा. त्याची शेवटची जागा जिथे दिसत होती तिथे सहा तास उकरले, पण तो सापडला नाही. विषारी वायू वाढत चालला होता. संध्याकाळी सहाला शोध थांबला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो भाग भिंत घालून बंद करायचे ठरले. काकाजींनी तीस वर्षे खाणीत असल्याच भिंती घातल्या होत्या. निवृत्त होऊन त्यांना चार वर्षे झाली होती. ते साहेबांसमोर हात जोडून म्हणाले, माझ्या लेकराची जागा मीच बंद करतो, दुसऱ्या कोणाचा हात नको. त्यांनी ती भिंत घातली. वर उभ्या असलेल्या माणसांना ते ऐकूनच रडू फुटले होते.

"बसा काकाजी," मृणाल म्हणाली. "पाणी देऊ?"

"नाही जी." ते बसले. पांढरा सदरा, खिशात आधारकार्ड आणि वारसाचा दाखला. दोन्ही त्यांनी टेबलावर सरळ मांडले. "सुमेधची नोंद पाहिजे."

मृणालला वाटले, हे सोपे आहे. अकरा बेचाळीसची ती नोंद तिला पाठ होती. अकरा एक्केचाळीस बावन्न, चौथा बोगदा, आडवा, नाडी नाही. तिने ती त्या दिवशी स्वतः वाचून दाखवली होती. पाचही जणांसाठी तिने एकच प्रश्न विचारला होता, आणि पाचही उत्तरांत नाडी नव्हती. मग पाचही नावांपुढे तिने 'मृत' अशी खूण केली होती.

"वेळ सांगा, काकाजी."

"बुधवार. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं."

तिचे हात थांबले. "काकाजी, ती तर दुसऱ्या दिवसाची वेळ झाली. त्या वेळेचं काही नसणार. यंत्र मागे मागे जात मंगळवारचीच नोंद आणून देईल."

"जे जवळचं असन ते द्या. कायदा तेच म्हणते ना?"

तिने वेळ टाकली. उत्तर आले. तिने ते मनात वाचले आणि तिला वाटले, नाव चुकले. तिने नाव तपासले, चकतीचा क्रमांक तपासला. मग पुन्हा तीच वेळ टाकली, आणि पुन्हा तेच उत्तर आले.

"वाचा, मॅडम."

नोंद वाचून दाखवणे हे तिचे काम होते. "बुधवार, नऊ अकरा," ती म्हणाली. "जुना उतार. भिंतीपासून सव्वीस मीटर. बसलेला. नाडी एकशे आठ. आवाज... आवाज, ठोके. तीन, थांबून तीन."

टेबलाच्या कडेवर ठेवलेली काकाजींची बोटे फक्त पांढरी पडत गेली.

मृणालच्या डोक्यात सगळे एकदम उलगडले, आणि ते अगदी साधे होते. छत कोसळण्याआधी हवेचा जो लोट येतो त्याने सुमेधला आडवे पाडले असणार आणि कपाळावरचा पट्टा निघाला असणार. म्हणून नाडी नाही. पुढे त्याने पट्टा पुन्हा बांधला, तो उठला, चालला. चकती टिपत राहिली, तार पाठवत राहिली. पण खूण झालेल्या टोपीची नोंद पडद्यावर येत नसे, ती गुपचूप भांडारात जाऊन पडे. आणि ती? ती त्या दिवशी दर तासाला यंत्राला विचारत होती, अकरा बेचाळीसच्या सर्वांत जवळची नोंद कोणती? यंत्र दर तासाला तेच सांगत होते. कारण अकरा बेचाळीसच्या सर्वांत जवळची नोंद तीच होती. मागाहून हजार नोंदी आल्या असत्या तरी ते उत्तर बदलणार नव्हते. आत्ता तो कुठे आहे, हे तिने एकदाही विचारले नव्हते.

"मंगळवार, संध्याकाळी सहा," काकाजी म्हणाले.

"काकाजी, नको."

"शोध थांबवला तवाची. वाचा."

"पाच सत्तावन्न. जुना उतार. बसलेला. नाडी ब्याण्णव. ठोके. तीन, थांबून तीन."

"मीच सांगतलं होतं त्याले," ते सावकाश म्हणाले, जणू शेजारच्या कोणाला समजावत होते. "पहिल्या दिवशी उतरला तवा. अडकला कधी, त कोळशाकडं थांबू नको म्हटलं. जुन्या उताराकडं जाय, पहिले त्याच वाटेनं खाली उतरत. तिथली हवा बरी राहते. सोडवायले लोकं तिकडूनच येतात. तीन-तीन ठोके दे आणि बसून राय."

मृणालने कळफलकावरून हात काढून घेतले.

"भिंत घालताना मले ऐकू आलं होतं," काकाजी म्हणाले. "संग दोन पोट्टे होते मालमसाला द्यायले. ते घाबरले. म्हणाले, काका, आतून आवाज येते. मी म्हटलं, छत बोलते रे, दाबानं बोलतच असते, तीस वर्षं ऐकलं म्या. विटा द्या लवकर. म्या त्याहिले घाई केली." त्यांनी तिच्याकडे पाहिले. "तवा घड्याळ पाह्यलं होतं. नऊ दहा."

व्हरांड्यात कोणीतरी मोठ्याने हसले. मृणालने उठून दार लावले आणि परत येऊन बसली. माफी मागावी असे तिच्या मनात आले.

"आता आजची वेळ टाका," काकाजी म्हणाले.

"आजची?"

"आजची. आत्ताची. आत्ताच्या जवळची जे असन, ते त्याची शेवटची असन ना?"

हे तिला कधी सुचले नव्हते. तिने भिंतीवरच्या घड्याळात पाहून वेळ टाकली. यंत्र दोन महिने मागे गेले.

"गुरुवार," ती म्हणाली. "पहाटे चार सव्वीस. जुना उतार. आडवा. नाडी बेचाळीस."

"ठोके?"

"दोन."

काकाजींनी मान हलवली. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले, मग पुन्हा पहिल्यापासून, कितीतरी वेळा. बुधवारच्या सकाळपासून गुरुवारच्या पहाटेपर्यंतचे तास असावेत. मग कागदपत्रे गोळा करून खिशात ठेवली.

"मले अकरा बेचाळीसचा कागद काढून द्या," ते म्हणाले. "तेवढाच. सुनेले दाखवाले पाहिजे. तिले वाटते, तो एका झटक्यात गेला. तसंच वाटू द्या. तुमी बी कोणाले सांगू नका, बाई."

मृणालने कागद काढून दिला. त्यांनी तो चार घड्या घालून सदऱ्याच्या आतल्या बाजूला सरकवला आणि जाताना दार नीट ओढून घेतले. आत आल्यापासून दीड तास झाला होता.

दुपारी ती सुरक्षा अधिकारी बारसागडे यांच्याकडे गेली. तिन्ही नोंदी तिने त्यांच्यासमोर ठेवल्या. बारसागडे वाईट माणूस नव्हते. त्या मंगळवारी तेही सहा तास खाली होते. वायू चढून ते दोनदा पडले होते. नोंदी वाचता वाचता त्यांनी चष्मा काढून पुसला आणि त्या पुन्हा पहिल्यापासून वाचल्या.

"चौकशी समितीला कळवायला हवं, सर," मृणाल म्हणाली.

"काय कळवणार?"

"माणूस जिवंत होता. आपण त्याला भिंतीत घातलं."

"यंत्राचं उत्तर चुकलं का?"

"नाही."

"प्रश्न चुकला." त्यांनी खण उघडला आणि एक कागद बाहेर काढला. प्रश्नाचा नमुना, मंजुरीची तारीख, खाली सही. सही तिचीच होती. "हा प्रश्न आज बावीस खाणींत चालू आहे, मृणाल. तू समितीला लिही, मी अडवणार नाही. पण ते पहिलं विचारतील, हा कोणी लिहिला? आणि दुसरं विचारतील, या बावीस ठिकाणी आजवर किती जणांपुढे खूण झाली? त्यातल्या किती भिंतींच्या आत काय आहे ते तू शोधणार आहेस?"

"प्रश्न तरी बदलूया."

"तो आजच बदल. कारण लिहायची गरज नाही. सुधारणा म्हणून टाक."

तिने संध्याकाळपर्यंत प्रश्न बदलला. आता खूण झालेल्या टोपीची नोंद आली तर घंटा वाजणार होती. कारणाच्या रकान्यात तिने 'सुधारणा' असे लिहिले. समितीला लिहिलेले पत्र तिने चार वेळा वाचले, खाली नाव टाकले, आणि मग पाकिटात घालून पर्समध्ये ठेवले. मंगळवारी ते पर्समध्येच होते. बुधवारीही होते.

गुरुवारी खिडकी उघडली तेव्हा बाकावर एक तरुण बाई बसलेली होती. तिने आत येऊन वारसाचा दाखला पुढे केला. आम्रपाली सुमेध नगराळे.

"मामाजी सोमवारी येऊन गेले ना इथे?" तिने विचारले.

"हो."

"त्यांनी मला हा कागद आणून दिला." तिने घड्यांचा कागद उलगडून टेबलावर ठेवला. अकरा एक्केचाळीस बावन्न. "म्हणाले, पाहा, पोराला काही कळलंसुद्धा नाही. मी कागद घेतला. काही बोलले नाही. त्या दिवसापासून ते जेवत नाहीत. काल सकाळी उठून पाहते तर अंगणातली भिंत पाडत होते. त्यांनीच बांधलेली, माझं लग्न झालं त्या वर्षी. एकट्याने पाडली. हात सोलून निघाले, तरी थांबत नव्हते."

मृणालने पर्सकडे पाहिले.

"ज्या ऑटोने ते आले, तो ऑटोवाला आमच्या गल्लीतलाच," आम्रपाली म्हणाली. "तो म्हणाला, काका दीड तास आत होते. मॅडम, हा एवढा कागद काढायला दीड तास लागतो?"

"आम्रपाली, ते म्हणाले होते की..."

"काय म्हणाले असतील ते मला माहीत आहे. मी त्यांची सून आहे." तिने खुर्ची पुढे ओढली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. कितीतरी दिवसांचे जागरण होते. "मला नोंद पाहिजे. माझा हक्क आहे."

"हो, आहे." मृणालने नाव टाकले. सुमेध सुखदेव नगराळे. पडद्यावर वेळेचा रकाना रिकामा उघडला. "वेळ सांगा."

"मला वेळ माहीत नाही," आम्रपाली म्हणाली. "कोणती विचारायची तेच कळत नाही. तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच टाका."

मृणालची बोटे कळफलकावर टेकली आणि तिथेच राहिली. अकरा बेचाळीस टाकले असते तरी यंत्राचे उत्तर खोटे ठरले नसते.

"टाका ना, मॅडम," आम्रपाली हळू म्हणाली. "खाली तुमचा माणूस असता, तर तुम्ही कोणती वेळ विचारली असती?"