माळ्यावरचं मशीन

लाइट गेली तसं मारुतरावांनी वायर-बल्बच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि पायरीवर टेकलेल्या पोरांना म्हणाले, "बसा. शेजारच्या गाळ्यातल्या नीलाची गोष्ट सांगतो. खोटी वाटली तर सकाळी तिलाच विचारा."

गेल्या वर्षीची गटारी. काळेवाडीत दिवस मावळायच्या आतच गल्लोगल्ली मटण शिजायला लागलेलं, दुकानं पटापट बंद झालेली. नीला तेवढी गाळ्यात होती. नवरा गेल्यावर त्याचं ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं काम तिने बंद पडू दिलं नव्हतं. भाऊबंदांनी गाळा विकायला सांगून पाहिलं, तिने त्यांना चहा पाजून वाटेला लावलं होतं.

त्या संध्याकाळी तिचा धाकटा भाऊ बुद्धरत्न सभेसाठी एक ॲम्प्लिफायर मशीन टाकून गेला. चाकणच्या एका कंपनीने त्याच्यासकट सगळी कंत्राटी पोरं एका झटक्यात घरी बसवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या गेटवर सभा, परवानगीही तेवढ्याच सकाळची. "ताई, आवाज आतल्या केबिनपर्यंत गेला पाहिजे," एवढंच तो म्हणाला.

नीलाने झाकण काढलं. ट्रान्सफॉर्मर जळून कोळसा झालेला. गटारीच्या रात्री नवा मिळणार कुठे?

तिची नजर माळ्यावर गेली.

दुरुस्तीवाल्यांची रीतच असते. मालक न्यायला आला नाही, की त्याच्या मशीनचे पार्ट दुसऱ्याच्या कामाला येतात. माळ्यावर नवनाथ मांडववाल्याचं मशीन होतं. "मी आल्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका," असं बजावून तो गेला आणि त्याच आठवड्यात तळेगाव रस्त्यावर कंटेनरखाली सापडला. घरचं कुणी फिरकलं नाही. नीलाने त्या मशीनला कधी स्क्रू ड्रायव्हर लावला नव्हता. त्या रात्री लावला.

जळका काढून नवनाथचा ट्रान्सफॉर्मर बुद्धरत्नच्या मशीनमध्ये बसवून तिने कर्णा जोडला आणि मशीन सिरीजच्या बल्बवर घेतलं. आत शॉर्ट असेल तर हा बल्ब भक्क पेटतो. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंदावतो.

बल्ब उजळला. मंदावला. नीलाचा जीव भांड्यात पडला.

आणि बल्ब पुन्हा पेटला.

भक्क.

तिने पिन उपटली. बल्ब तसाच.

कर्ण्यात खरखर सुरू झाली. माईक जोडलेला नव्हता. खरखरीच्या मागे कुणीतरी दम घेत होतं...

"माझं आहे ते..."

आवाज नवनाथचा. लग्नाच्या मांडवात माईकवर टिचक्या मारून बोलणारा तोच.

नीलाच्या हातातलं सोल्डरिंग आयर्न खाली पडलं. शटर दोन पावलांवर होतं. बाहेर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पाय निघालेही... पण डोळ्यांपुढे बुद्धरत्न आला. तिने स्टूल ओढलं आणि कर्ण्यासमोर ठाण मांडलं.

"तुमचंच आहे, नवनाथभाऊ. न विचारता काढलं, ते चुकलं. पण आत्ता देणार नाही. उद्या सभा आटपली की माझ्या हाताने परत बसवीन."

"दे..."

शटर थरथरलं.

"मला न्यायचं तर न्या. तेही सभा झाल्यावर. तोवर ह्याला हात लागू देणार नाही."

खरखर थांबली.



बल्ब हळूहळू विझला. नीलाने झाकण लावलं, स्क्रू आवळले आणि उजाडेपर्यंत मशीनला टेकून बसून राहिली.

सकाळी गेटवर कर्णा असा कडाडला, की पलीकडच्या कंपनीची माणसंही कुंपणाला येऊन उभी राहिली. आतले साहेब बाहेर आले, त्यांना पोरांशी बोलणी करावीच लागली. बुद्धरत्न नाचत होता. नीलाने मात्र मशीन उचलून थेट गाळा गाठला. शब्द दिला होता.

झाकण उघडलं...

आत तो जळका कोळसा. जुनाच. सकाळभर जे वाजलं ते ह्याच्यावर.

ती शिडी चढून माळ्यावर गेली. नवनाथच्या मशीनमध्ये त्याचा ट्रान्सफॉर्मर जागच्या जागी, स्क्रू आवळलेले, तारा जोडलेल्या. गाळ्याची किल्ली रात्रीपासून तिच्याच कमरेला.

नीलाने एका जोडावर बोट टेकवलं. चटका बसला. सोल्डर अजून वितळलेलंच होतं.

त्या बोटावर डाग आहे. वर्ष झालं, जात नाही.