खोट्या नावाची परवानगी

दुपारचं जेवण उरकून ती पुन्हा लॅपटॉपपुढे बसली. तिने लिहिलेली कोडची छोटी लायब्ररी आज ऑफिसला पाठवायची होती. काम साधंच होतं. फाइल आणि नाव दिलं, की त्या नावाच्या माणसाला ती फाइल उघडायची, बदलायची परवानगी आहे का, एवढं त्या कोडने सांगायचं. चाचणीसाठी खोट्या फाइली बनवायच्या असतात, पण तिला कंटाळा आला. तिने लेकीच्या फोटोंचं फोल्डरच पुढे केलं. जन्मापासूनचे सगळे फोटो त्यात होते.

स्वतःचं नाव दिलं. हो. नवऱ्याचं दिलं. हो. मग मनानेच एका बाईचं नाव ठोकून दिलं. त्या नावाचं खातं लॅपटॉपवर नव्हतं, अशी कुणी बाई ओळखीतही नव्हती.

उघडता येईल? हो. बदलता येईल? नाही.

तिने सोबत काम करणाऱ्या दादाला फोन लावला.

"दादा, नसलेल्या बाईला 'हो' म्हणतंय रे."

"सगळ्यांना खुलं ठेवलं असशील. तुझा वेंधळेपणा काय आजचा आहे?"

तिलाही हसू आलं. पण दुसऱ्या खोट्या नावाला 'नाही' आलं, तिसऱ्यालाही. तिने पुन्हा त्या बाईचं दिलं.

उघडता येईल? हो. बदलता येईल? हो.

आतल्या खोलीत लेक काहीतरी गुणगुणत होती. चाल ओळखीची नव्हती.

"हे गाणं कुणी शिकवलं गं?"

"आईने."

पोरीच्या थापांची तिला सवय होती, तरी आत्ता ते बरं वाटलं नाही. तिने त्या बाईची परवानगी काढून टाकायला घेतली. उत्तर आलं: हा बदल तुम्हाला करता येणार नाही.

तिने घाईघाईने सगळ्यात पहिला फोटो उघडला. दवाखान्यातली तीच खाट, तेच दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. बाळाला कुशीत घेऊन एक बाई रडतारडता हसत होती. ती बाई तिने जन्मात पाहिली नव्हती.

तिने फोल्डरचा मालक कोण, ते विचारलं. तिनेच रचलेलं ते नाव आलं.

मग आपलं नाव दिलं.

उघडता येईल? नाही.

फोटो आपोआप मिटला.

मागे पावलं वाजली. लेक दप्तर अडकवून, बूट घालून उभी होती. परक्या घरी पोरं उभी राहतात तशी, जरा अवघडून.

"काकू, कडी काढता का? आई न्यायला आलीय."