तपकीर आणि पोर्सिलेन

पोर्सिलेनला डाग पडत नाही, हे अंतिम सत्य आहे. शहाद्याच्या दंतवैद्यांनी ते अमृत पाटलांना हात धुता धुता सांगितलं आणि लगेच पुढे म्हणाले, "तरी जरा जपा."

अमृतभाऊ जपत होते. मऊ ब्रश, जेलची पेस्ट; कोळशाची पावडर नाही, खायचा सोडा नाही, सुपारी तर नाहीच. झोपताना दातांवर प्लास्टिकचं पारदर्शक कव्हर. समोरच्या दातांवर चिकटवलेल्या पोर्सिलेनच्या त्या पांढऱ्याशुभ्र चकत्यांखाली त्यांची अर्ध्या आयुष्याची तंबाखू गाडलेली होती. त्यांच्या मुलीला, रुचिकाला, चालून आलेलं स्थळ कट्टर निर्व्यसनी. आधीची एक सोयरीक त्या लोकांनी तिथल्या मुलीच्या काकाच्या खिशातल्या तंबाखूच्या पुडीवरून मोडली होती. तेव्हा भाऊंनी तंबाखू सोडली, आणि त्याच जोशात आई जसोदाबाईंची तपकिरीची डबीही तापीत भिरकावली. शेवटच्या आजारात आई दातांवर फिरवायला चिमूटभर मागत राहिली. मग गेली.

दशक्रियेला सारंगखेड्याच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना. रुचिकाचं लग्न थाटात करीन, म्हणून झालं. शेत विकणार नाही, म्हणून झालं. ऊन चढलं, भावकी भुकेली. मागून कोणीतरी म्हणालं, "तपकीरनं बोल ना, भाऊ."

भाऊ वैतागून बोलले, "बरं माय, तुन्ही तपकीर मी चालू ठेवसू."

कावळा घास घेऊनच उडाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दातांवरचं कव्हर काढलं. आत तपकिरी लाळ साचली होती. चिकट, तार सुटणारी. हिरड्यांच्या कडेला ओला चोथा. वास आईच्या पदराचा.

त्यांच्या बायकोने, मोहिनीबाईंनी, नाकाला पदर लावला. "परत चालू करी दिनी ना?"

"रुचिकानी शप्पथ, हात लावेल नही."

"मंग हाई काय शे?"

भाऊ कव्हर उकळत्या पाण्यात टाकायचे, चुळा भरभरून ओकायचे. सकाळी पुन्हा तेच. एकदा चोथ्यात पांढरा केस निघाला, हातभर लांब. तो दातांच्या फटीतून ओढून काढावा लागला.

साखरपुड्याच्या सकाळी मोहिनीबाईंनी स्वतः त्यांचं तोंड घासून दिलं, ताटं घासावीत तसं.

पाहुणे आले. भाऊ ओठ मिटून हसत राहिले.

तोंडात काहीतरी पाझरू लागलं.

विहीण चारुलताबाई पेढा घेऊन पुढे आल्या. "तोंड उघडा ना, व्याही."

उघडावंच लागलं.

त्या वाकल्या. हुंगलं. पेढा भरवला आणि मागे सरल्या.

निघताना त्यांनी भाऊंना ओसरीच्या खांबाआड गाठलं.

"व्याही, आमनाकडे कोनले सांगू नका हं. माले बी लागस तपकीर." त्या हसल्या. दातांची मुळं काळी होती. "तुमन्या मांगल्या खोलीतली आजीबाईनी आत्तेच दिनी. तिनीच मन्हा तोंडमा बोट घालीसन चोळी दिनी. कितलं थंड बोट शे वं माय तिनं!"

सोयरीक पक्की झाली.

मागल्या खोलीला कुलूप होतं. आत कांदे भरले होते.

पुढच्या तपासणीला दंतवैद्यांनी आरसा फिरवून नीट पाहिलं. पोर्सिलेनवर एकही डाग नव्हता.