कोरड्या ताटातली होडी

"यंत्रकाका चहाला गेले की आपण आत घुसून यंत्र उघडायचं," ढब्बू म्हणाला. "मुकी दाराशी पहारा देईल. तोंड उघडायचं काम नाही, म्हणजे तिला जमेल."

"मी आत जाणार," मुकी म्हणाली.

ढब्बू आणि त्याची धाकटी बहीण चिमणी एकमेकांकडे पाहतच राहिले. मुकी ही त्यांची मामेबहीण. तिच्या आईला दूरच्या शहरात नोकरी लागली, म्हणून सुट्टीपुरते तिला आत्याकडे ठेवण्यात आले होते. महिनाभरात ती इतके कमी बोलली की तिचे खरे नाव मागेच पडले.

आत्याचे अंडी उबवण्याचे केंद्र घराला लागूनच होते. मुकी दररोज एकटीच यंत्राच्या काचेला नाक लावून बसत असे. एकविसावा दिवस कालच उलटला होता. कित्येक अंड्यांना भोके पडली होती, आतून चोची हलत होत्या. परंतु एकही पिल्लू बाहेर येत नव्हते. मागच्या खेपेसही तसेच झाले, आणि दुपारी बाराच्या ठोक्याला ती अंडी टोपलीत भरून टाकून देण्यात आली. "अंडीच खराब," असे आत्या म्हणाली होती.

मुकीला मात्र ते पटले नव्हते. यंत्राच्या तळाशी पत्र्याचे एक ताट असे. त्यातील पाण्याने आतली हवा दमट राही. पाणी नसेल तर कवचाखालचा पापुद्रा वाळून पिल्लाला आवळून टाकी. ताट दिवसातून दोनदा भरावे व भिंतीवरच्या तक्त्यात खूण करावी, हे काम यंत्रावर नेमलेल्या यंत्रकाकांचे. तक्त्यातली एकही खूण चुकलेली नव्हती.

यंत्रकाका चहाला गेले. मुकीने वहीचे एक पान फाडून होडी केली, झटकन यंत्राचे खालचे झाकण उघडले आणि होडी कोरड्या ताटात ठेवली.

"खेळतेस काय?" चिमणी कुजबुजली.

"पाणी घातलं तर भिजेल."

तिघे खिडकीखाली दबा धरून बसले. यंत्रकाका परतले, कानावरचे पेन काढून त्यांनी तक्त्यात खूण केली आणि स्टुलावर बसून वर्तमानपत्र उघडले. बादलीला त्यांनी हातही लावला नाही.

"आईला घेऊन येतो," म्हणत ढब्बू धावला.

आत्याने येऊन झाकण उघडले. होडी खडखडीत कोरडी होती. ती उलगडून आत्याने कागद चाचपला, त्यावरचा मजकूर वाचला आणि घडी करून मुठीत धरला.

"गुडघे धरलेत हो, ताई," यंत्रकाका मान खाली घालून म्हणाले. "खाली वाकवत नाही. सांगायची लाज वाटली."

"लाजेपायी किती पिल्लं गेली, काका?" आत्या म्हणाली. "ढब्बू, गरम पाणी आण. ताट यापुढे तू भरायचंस."

"मी? मला सुट्टी आहे."

"पिल्लांना नाही."

मुकीने एका अंड्याकडे बोट दाखवले. "याचं भोक सर्वांत जुनं आहे."

आत्याने कोमट पाण्यात कापूस बुडवून तिच्या हाती दिला. मुकीने पापुद्रा हळूहळू ओला केला आणि कवचाचा कण कण काढत गेली. एवढ्यात पापुद्र्यावर तांबडी रेघ दिसली.

"थांब," आत्या म्हणाली. "ते रक्त आहे. अजून ओढलंस तर मरेल. बाकीचं त्याचं त्याला करू दे."

अंडे पुन्हा यंत्रात गेले. बारा वाजून गेले, तरी टोपलीला कोणी हात लावला नाही. ढब्बू आणि चिमणी जेवायला गेले. मुकी काचेपाशीच बसून राहिली. थोड्या वेळाने आत्या तिच्या शेजारी जमिनीवर बसली आणि मुठीतला कागद तिने मांडीवर पसरला. आईला लिहिलेले, कधीच न पाठवलेले पत्र होते ते. 'आई, इथे सगळे चांगले आहेत. पण दिवसभर माझ्याशी कोणी बोलत नाही.'

"पाणी पडलं असतं, तर शाई पसरली असती," आत्या म्हणाली. "मला कळलंच नसतं. रोज 'जेवलीस का' विचारायचं, तू मान हलवायचीस, की माझी खूण झाली."

 मुकीने आत्याच्या खांद्याला डोके टेकले.

चारच्या सुमारास कवचाचे टोपण सरकले. ओले, वाकडे, लटपटणारे पिल्लू बाहेर पडले आणि दमून तसेच आडवे झाले. संध्याकाळपर्यंत आणखी एकतीस निघाली; नऊ मात्र निघाली नाहीत.

"डोकं आहे हो पोरीला," यंत्रकाका म्हणाले. "आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त."

आत्याने फोन लावून मुकीच्या हाती दिला. पलीकडून आईचा आवाज आला, "कशी आहेस, बाळा?"

मुकीने काचेकडे पाहिले. पिल्लू आता उभे राहू पाहत होते.

"आई," ती म्हणाली, "वेळ आहे का तुला? खूप सांगायचंय."