सव्वासहाची पाहुणी

टोकाच्या खोपीत अंधार पडल्यावर मालिश का बंद केलं, हे मला विचारतेस होय, डेलिया? मॅनेजरला विचार. तो म्हणेल, तिथं डास फार. बस इथं. गावाकडची गाडी सुटायला अर्धा तास आहे. तो भाजलेला नीरफणस घे, गरम आहे तोवर.

युलाली माझ्या बायकोची थोरली बहीण. ह्याच रिसॉर्टमध्ये तिनं चौदा वर्षं मालिश केलं. तिचा हात पाठीवर पडला की पाचव्या मिनिटाला माणूस घोरायला लागायचा. नवरा बोटीवर गेला तो परतलाच नाही. ह्या हातांवर तिनं दोन मुली शिकवल्या.

तारीख सांगतो. दहा ऑक्टोबर दोन हजार सहा, मंगळवार. सव्वासहाला दहा मिनिटं कमी होती, सूर्य नुकताच बुडाला होता. युलाली धुलाईखान्यातून दोन चादरी घेऊन किनाऱ्याकडे निघाली. मी मागच्या फाटकावर पहाऱ्याला बसलो होतो.

"अजून सुटली नाहीस?" मी विचारलं.

"एक राहिलीय. कालच नाव लिहून गेलीय. तू का असा बसलायस तोंड पाडून? बायकोनं जेवायला नाही घातलं?"

"दमलोय," मी म्हणालो. एवढंच.

ती खोपीत पोचली तर पाहुणी आधीच येऊन पालथी झोपलेली. कमरेपर्यंत पंचा. केस ओले. समुद्रातून तशीच आली असेल, युलालीला वाटलं. खांद्याला हात लावला तर गार. तिनं तेल घेतलं, चोळायला लागली.

"जोर बरा आहे ना, बाई?"

तिचा हात कमरेपर्यंत जाऊन आला. मग खालून आवाज आला, "कळत नाही काही."

युलालीनं जोर वाढवला. अंगठे लावले, कोपर लावलं. पलीकडे बारमध्ये गाणं चालू होतं, लोक हसत होते. इथं मुलांना आणता येत नाही, त्यामुळे हसण्यात पोराटोरांचा आवाज नसतो, तुला माहीतच आहे. सगळं कसं सावकाश.

"आता?"

"नाही… अजून जोरात."

हात फिरला की कातडी तांबूस होते. ही होईना. पांढरीच. वीस मिनिटं झाली. गारवा युलालीच्या बोटांत चढला. मग तळव्यात. मग मनगटात. आपले हात त्या पाठीवर आहेत की नाहीत हे तिला कळेना. तिनं वाकून बघितलं. होते.

पाठ वरखाली होत नव्हती.

युलाली मला नंतर पुन्हा पुन्हा हेच सांगायची. "मला भीती वाटायला हवी होती रे. वाटलीच नाही. काहीच वाटलं नाही. मी आपली चोळत राहिले."

मग पाहुणी बोलली.

"आता कळतंय… किती ऊन आहेत तुमचे हात."

युलालीनं हात काढून घेतले. कोपऱ्यातल्या नळावर धुवायला गेली. वळली…

कुणी नव्हतं.

ती माझ्याकडे आली. हात समोर धरलेले. एका हाताला मोठा फोड आलेला. गरम पाण्याचा नळ कधी सुटला, तिला पत्ता नव्हता.

"पाहुणी न सांगता गेली," ती म्हणाली.

"कोण होती?"

"पेनफोल्ड बाई. सोळा नंबरची खोली."

मग सांगावंच लागलं. पेनफोल्ड बाईंना त्याच दुपारी साडेतीन वाजता खडकांपलीकडे पाण्यातून बाहेर काढलं होतं. संपलेल्या. पाहुण्यांना दिसू नये म्हणून धुलाईच्या गाडीत घातलं, वर चादरी टाकल्या. फाटक मीच उघडलं. कुणाशी बोलायचं नाही, लोक आराम करायला आलेत, असं मला बजावलं होतं. सोळा नंबरात नवऱ्याला गोळी देऊन झोपवलं होतं.

युलालीनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही.

"मघाशी सांगायचं होतंस," ती म्हणाली.

हातांची जाण परत आली नाही. डॉक्टर म्हणाले, नसा ठीक आहेत. मालिश सुटलं. मग ती धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालत राहिली. नात झाली तेव्हा पोरीच्या गालाला ओठ लावायची. हाताला गाल कळत नव्हता ना. परवाच्या लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासांत, गेली ती.

दुसऱ्या दिवशी खोपीला कुलूप लावायला मी गेलो. मालिश झाल्यावर पाहुणे सही करतात ती वही टेबलावर उघडी होती. वरच्या कागदावर सोळा नंबर. वेळ, सहा पन्नास. सही. मी तो कागद पेनफोल्ड बाईंच्या नवऱ्याला दाखवला. दाखवायला नको होता. तो खाली वाळूतच बसला.

"तिचंच अक्षर आहे," म्हणाला. मग माझ्याबरोबर आलेल्या युलालीला विचारलं, "तिला बरं वाटलं का?"

"शेवटी वाटलं," युलाली म्हणाली.

त्याला तो कागद न्यायचा नव्हता. माझ्याकडेच राहिला. सहीखालचा कोपरा तेवढा ओला होता. मी उन्हात ठेवला. इस्त्रीखाली धरला. पत्र्याच्या डब्यात वर्षानुवर्षं पडून आहे, शाई फुटलेली नाही, पण तो कोपरा…

हा बघ.

बोट लाव.