ब्लॅकटेलच्या फाटकावरचं पिवळं कुलूप

शेकोटीच्या खड्ड्याकडे असं आशाळभूतासारखं बघू नकोस, डेव्हिन. यंदा ती पेटायची नाही. जंगलात जाळ करायला बंदी आहे, आणि बंदीची पाटी आज सकाळी तूच ठोकून आलास. तेव्हा हा बॅटरीचा कंदील आणि माझ्या थर्मासमधली कॉफी, एवढ्यावर भागवा.

पलोमा, दुपारी तू विचारलंस ना, फाटकाला एक धड कुलूप लावायचं सोडून ही कुलपांची माळ कशाला? उद्या तुम्हा दोघांनाही एकेक कुलूप मिळेल, म्हणून आजच सांगून टाकतो. ज्याच्यावर हे बेतलं तो हार्लन टीग माझा मित्र. आम्ही दोघांनी आयुष्यभर एका गाडीत बसून या जंगलातले रस्ते दुरुस्त केले. थापा मारणारा माणूस नव्हे तो. त्याला साधा विनोद सांगता येत नाही, थापा काय मारणार!

तर आधी ती माळ. फाटकाची साखळी, तिच्या दोन टोकांमध्ये कुलपं. एकात दुसरं, दुसऱ्यात तिसरं. एक लाकूडवाल्यांचं, एक विजेच्या तारांवाल्यांचं, बाकी आमची. ज्याने त्याने आपलं कुलूप उघडायचं, की माळ तुटते आणि फाटक उघडतं. सोय आहे. पण घाईत एखाद्याने आपलं कुलूप शेजारच्यात न अडकवता मधलं एक सोडून पुढच्यात अडकवलं, तर मधला माणूस बाद. त्याची किल्ली फिरते, कुलूप उघडतं, फाटक मात्र जागचं हलत नाही.

हसू नकोस, डेव्हिन. या चुकीने माणूस गेलाय.

आता ती रात्र. सहा वर्षं झाली. मे अखेरीच्या मेमोरियल डेच्या सुट्टीआधीचा शुक्रवार. आदल्या ऑगस्टमध्ये ब्लॅकटेलचं खोरं वणव्यात जळालं होतं आणि तेव्हापासून लोकांना बंद होतं. दिवसा फक्त रस्त्याचे कामगार आत-बाहेर करायचे. हार्लन घरी जेवत होता. सव्वानऊला कचेरीतून बर्निसचा फोन आला.

"हार्लन, हातातला घास खाली ठेव. वरच्या कड्यावर मोठा पाऊस येतोय. कामगार निघाले, फाटक उघडंच आहे. सुट्टीचे लोक आलेत गावात, कुणीतरी शहाणा आत शिरेल. तेवढं लावून ये."

"आत कुणी नाही ना?"

"यादीप्रमाणे कुणी नाही."

"यादीत नसलेलेच आत असतात, बर्निस," असं म्हणून त्याने कोट चढवला.

जळलेल्या डोंगरावरचा पाऊस म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नसेल. ती माती पाणी पीत नाही. वर पाऊस पडला की चिखल, धोंडे, ओंडके, सगळा डोंगर खोऱ्यातून खाली येतो. शिवाय दोन्ही बाजूंना जळकी झाडं उभी. वारा नसतानाही पडतात. आणि झाड पडून गेलं तरी त्याची मुळं जमिनीखाली महिनोन्‌महिने धुमसतात. वर राखेची साय, खाली पोकळी. पाय पडला की गेला.

हार्लन फाटकाशी पोचला. चंद्र नव्हता. लांब कड्यावर वीज चमकत होती. त्याने नेहमीप्रमाणे तीनदा भोंगा वाजवला, इंजिन बंद केलं, काच खाली करून ऐकत बसला. हा नियम त्याचाच. आत कुणी असेल तर त्याने उलट भोंगा द्यायचा.

उत्तर आलं नाही.

उतरून त्याने फाटक ओढलं, माळ जोडली. प्रत्येक कुलूप बोटाने चाचपलं. मधलं पिवळ्या रंगाचं होतं. त्याला हात लावताना त्याचं नेहमीच काळीज हलायचं. ते डेल्बर्ट क्विस्टचं कुलूप.

डेल्बर्ट आमच्यातला तिसरा. वणव्याच्या दिवशी तंबूवाल्यांना बाहेर काढायला तो आत गेला होता. सगळे बाहेर आले. हार्लनला वाटलं, डेल्बर्टही वरच्या रस्त्याने निघाला असेल. धुरात, खोकत, त्याने फाटक लावलं आणि आपलं कुलूप अडकवलं... पिवळं सोडून पुढच्यात.

डेल्बर्ट मागाहून आला. त्याने आपलं कुलूप उघडलं. फाटक उघडलं नाही. गाडी तिथेच टाकून तो फाटकाला वळसा घालून पळाला, आणि रस्त्यातच त्याच्यावर जळतं झाड पडलं. सापडला तेव्हा किल्ली मुठीत होती.

चौकशीत अपघात ठरला. हार्लनने स्वतःच्या तोंडाने चूक सांगितली होती. डेल्बर्टच्या बायकोने, ओपलने, त्याला एका शब्दाने बोल लावला नाही. हेच त्याला जास्त लागलं. पुरायच्या वेळी तिने ती किल्ली नवऱ्याच्या खिशात घातली आणि म्हणाली, "ते कुलूप कापू नका. राहू दे तिथे." हे मी समोर उभा राहून पाहिलंय. शवपेटीला माझा खांदा होता. गावामागच्या टेकडीवरच्या कबरस्तानातली ती लाल माती नंतर आठवडाभर माझ्या बुटांना चिकटून होती.

तर माळ जोडून हार्लन गाडीत बसला. गाडी मागे घेतली, दिवे फाटकावरून फिरले.

फाटक उघडं होतं.

खाली उतरला. पिवळं कुलूप आ वासून लोंबत होतं.

"जुनं झालंय, स्प्रिंग गेली असेल," असं तो मोठ्याने म्हणाला. एकटा माणूस मोठ्याने बोलायला लागला की समजा, त्याची तंतरली आहे. त्याने ते दाबलं. खट्ट. ओढून पाहिलं. पक्कं. शिवाय गाडीतली तार आणून त्या कुलपाला चार वेढे दिले आणि पकडीने पीळ मारला.

पहिल्या वळणापर्यंत गेला असेल. मागे साखळी वाजली.

वारा नव्हता.

तो थांबला. परत जावं की न जावं... त्याने मला सांगितलं, "व्हर्जिल, पाय ब्रेकवर ठेवून मी कान देऊन बसलो." पण फाटक उघडं टाकून गेलो आणि आत कुणी मेलं तर? दुसऱ्यांदा? ते ओझं त्याला पेलवलं नसतं. तो वळला.

फाटक उघडं. कुलूप उघडं. तार काढलेली होती. तोडलेली नाही, काढलेली. नीट गोल गुंडाळून खांबावर अडकवलेली. डेल्बर्ट तार अशीच ठेवायचा. आम्ही त्यावरून त्याला चिडवायचो, लेका, स्वेटर विणणार आहेस काय...

"डेल्बर्ट?"

त्याने तारेचं वेटोळं खांबावरून काढून हातात घेतलं.

"मला न्यायला आलास का रे?"

फाटक... आणखी थोडं आत सरकलं.

काय, डेव्हिन? कॉफी सांडलीस. असू दे.

हार्लन मला म्हणाला, "त्या क्षणी मला पटलं की तो माझा हिशेब करायला आलाय. आत बोलावतोय. वर पाऊस सुरू झालाच होता, अंगावर डोंगर येणार, आणि मी त्याच जागी जाणार." पळून जाता आलं असतं. कुणी नावं ठेवली नसती. पण तो म्हणाला, "मी त्याला एकदा आत कोंडलं होतं. आता तो ये म्हणत असेल तर नाही कुठल्या तोंडाने म्हणू?"

तो आत गेला.

गाडी अगदी हळू. दोन्हीकडे काळी खोडं. काचा खाली. राखेचा वास. एक खोड गाडीच्या मागे, रस्त्याकडेला कोसळलं... दुसरं पुढे. डावीकडे वळण. दिव्यांत काहीतरी चमकलं.

गाडीचा आरसा.

छोटी गाडी, वर फांद्या टाकून दडवलेली. जळलेल्या जंगलात वसंतात मोरेल नावाच्या महागड्या अळंब्या उगवतात. बंदी असली तरी लोक चोरून येतात. गाडी त्याने ओळखली. डेल्बर्टच्या मुलीची होती. मार्नीची.

"मार्नी!"

पाऊस.

"मार्नी!"

"...इथे..."

उतारावर वीसेक पावलांवर ती होती. एक पाय मांडीपर्यंत जमिनीत. राखेची साय फुटून मुळांच्या पोकळीत गेलेला, घोटा मोडलेला. बादलीतल्या अळंब्या सगळीकडे सांडल्या होत्या. ओरडून ओरडून आवाज बसला होता पोरीचा.

"हार्लन अंकल, तुमचा भोंगा ऐकला मी. पण पाय अडकलेला, उलट भोंगा द्यायला गाडीपर्यंत जाता येईना. ओरडले, तुम्हाला ऐकू गेलं नाही. मग साखळीचा आवाज आला आणि मला वाटलं, संपलं. बाबांसारखंच."

"बोलू नकोस. हात दे."

"पण मग साखळी परत वाजली. आणि परत. तुम्ही उघडझाप का करत होतात?"

हार्लनने पोकळीची कड हाताने फोडली, आतली मुळं अजून कोमट होती, आणि तिला ओढून बाहेर काढलं. साठीच्या माणसाने तिला खांद्यावर टाकून गाडीपर्यंत आणलं कसं, ते त्यालाही सांगता येत नाही.

मग वरून आवाज आला. गडगडाट नव्हे. दाटून येणारा, घासत येणारा...

त्याने गाडी वळवली. मागे बघितलं नाही. मार्नीने बघितलं, आणि ती म्हणाली, "अंकल, रस्ता... रस्ता हलतोय."

फाटक सताड उघडं होतं. गाडी तशीच बाहेर काढली. लावायला थांबला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो फाटक उघडं टाकून गेला.

ओपल दवाखान्यात आली. मुलीला पाहिलं, मग हार्लनकडे वळली. नऊ महिन्यांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. म्हणाली, "तुला आत जायला कुणी सांगितलं?"

हार्लन रडायला लागला. तिने त्याचा हात धरला. दोघं तसेच बसून राहिले. मी दारात उभा होतो, मलाही आवरेना. उगाच लपवत नाही.

उजाडल्यावर हार्लन म्हणाला, "व्हर्जिल, फाटक उघडं आहे, चल." आम्ही दोघं गेलो. अलीकडचा रस्ता कोरडा. फाटकापलीकडे पन्नास पावलांवर रस्ताच नव्हता. चिखल, धोंडे आणि मार्नीच्या गाडीचं एक चाक. सगळं काळं, राखेने माखलेलं. अख्ख्या खोऱ्यात दुसरा रंग शिल्लक नव्हता.

आणि फाटक लावलेलं होतं.

साखळी ओढलेली. माळ जोडलेली, एकही कुलूप न सोडता, जशी जोडायला हवी अगदी तशी. रात्रीत कुणी तिकडे गेलं नव्हतं. मी सगळ्यांना विचारलं. बर्निसला, लाकूडवाल्यांना, तारांवाल्यांना.

हार्लन जवळ गेला नाही. मी गेलो. उद्या तुम्हीही जाल. आधी तीन भोंगे, मग थांबून ऐकायचं, मग आपलं कुलूप शेजारच्यात अडकवायचं. पिवळ्याला हात लावायचा नाही. मी त्या सकाळी वाकून पाहिलं, तेवढं पुरे आहे.

पिवळ्या कुलपात किल्ली होती.

तिच्या दातांत लाल माती होती... ओली.